जिभेखालची गोळी

३ मार्च, सोमवार

बदली झाली. बदली म्हणजे जिना उतरून मागच्या अंगणात. एकतीस वर्षं मुख्य औषधालयात काढली, निवृत्तीला चौदा महिने उरले, आणि आता मला धोबीखान्याशेजारच्या खोलीत बसवलं आहे. पूर्वी तिथे फाटक्या चादरी ठेवत. मधल्या भिंतीला एक खिडकी पाडली आहे, पलीकडे दोन बाकं आणि भिंतीवर एक घड्याळ. साबणाचा वास येतो, तेवढं एक बरं.

अधीक्षक म्हणाले, नवी योजना आहे. साठ नशेकरी, रोज सकाळी सात ते दहा, प्रत्येकाला जिभेखाली ठेवायची गोळी. गोळी घेतली की अंगाची तगमग थांबते, बाहेरच्या पुडीची गरज लागत नाही, आणि नशाही चढत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. सहा महिने चालवून बघायचं, मग सरकार ठरवणार.

मीच का, असं विचारलं. म्हणाले, तुमच्या नोंदवहीत एकतीस वर्षांत एका गोळीचा फरक नाही. कापायच्या आधी बकऱ्याला हार घालतात, तसं वाटलं.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, घरात तो विषय नको, जेवताना तर नकोच. म्हणून ही वही.

५ मार्च, बुधवार

नियम असा: नंबर पुकारायचा, गोळ्या त्याने स्वतःच्या हाताने जिभेखाली ठेवायच्या, दहा मिनिटं बाकावर गप्प बसायचं, गिळायचं नाही. मग तोंड उघडून जीभ वर. मी बॅटरी मारून बघतो. एकतीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या तपासल्या, आता तोंडं तपासतोय.

मला वाटलं होतं, डोळे तारवटलेले, लाळ गळणारे लोक येतील. तसे तीन-चार आहेत. बाकीचे कोणीही असावेत असे. बारा नंबर ट्रक चालवतो. एक बाई बालवाडीत शिकवायची, आता शिकवत नाही. चौतीस नंबर कपडे शिवते. सगळे तिला टेलरबाई म्हणतात. तिशी-पस्तिशीची, बारीक, बोलायला चुरचुरीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "साहेब, बाकीच्यांच्या सुया तुम्ही काढून घेतल्यात. माझी तेवढी ठेवा, माझं पोट आहे तिच्यावर." मी हसलो नाही. नंतर भिंतीमागे सिगारेट ओढताना हसू आलं. दिवसाला दोनच ओढतो, पंचवीस वर्षं झाली, दोनाची तीन कधी केली नाही. तेव्हा त्याला व्यसन म्हणता येणार नाही.

८ मार्च, शनिवार

आज डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. या योजनेच्या प्रमुख त्याच. म्हटलं, एक नशा सोडवून दुसरी सरकारी गोळी लावायची, यात बरं कोण होणार? आणि किती दिवस?

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "संध्याकाळी हा माणूस जिवंत घरी गेला पाहिजे. या खिडकीचं काम तेवढंच. बाकीचं त्याचं तो बघेल."

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.  उद्या खिडकी बंद, म्हणून आज सगळ्यांना दुप्पट.

१६ मार्च, रविवार

मेहुणा जेवायला आला होता. त्याला बदलीचं कळलं होतं, हिनेच सांगितलं असणार. ग्लास भरत म्हणाला, या लोकांना उलटं टांगायला हवं, तुम्ही त्यांचे लाड करता, तेही आमच्या करातून. दुसरा ग्लास भरताना म्हणाला, माणसाला स्वतःवर ताबा नको? तिसऱ्याला काय म्हणाला ते नीट कळलं नाही. हिने बाटली उचलून आत नेली, तेव्हा तो रुसला. मग गाडी चालवत घरी गेला, पोरं मागच्या सीटवर.

 बोलून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे महिन्यापूर्वी मीही तेच म्हणालो असतो. ग्लासाशिवाय, इतकाच फरक.

२२ मार्च, शनिवार

माझ्या पांढऱ्या कोटाची कॉलर विरली आहे. टेलरबाईला ते दिसलं. म्हणाली, द्या, उलटवून देते, आतली बाजू अजून नवी असेल. रुग्णांकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे, तो मी तिला ऐकवला. ती म्हणाली, "घेत कुठे आहात? तुम्ही कोट देताय." वॉर्डातून मदतीला येणारी सिस्टर फिदीफिदी हसली. दिला.

२४ मार्च, सोमवार

कोट आला. कॉलर नवीच वाटते. हिने विचारलं, कोणी केलं? म्हटलं, एका टेलरने. खोटं नव्हे.

खिडकीतून रस्त्यापलीकडचं सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं. दुकानाबाहेरच्या बाकावर रोज एक माणूस बसलेला असतो, दाढी वाढलेली, गळ्याशी बटणं लावलेली. टेलरबाई इथून निघाली की सरळ त्याच्याकडे जाते. आता तिचं काय प्रकरण आहे कोणास ठाऊक. आपल्याला काय करायचंय.

२ एप्रिल, बुधवार

टेलरबाईने दोनाच्या तीन गोळ्या मागितल्या. पुरत नाही म्हणते. डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि लिहून दिल्या. मला पटलं नाही. महिना झाला, बाकीचे सगळे दोनावर स्थिरावले. लोभ सुटत नाही, दुसरं काय.

९ एप्रिल, बुधवार

वॉर्डात काम नव्हतं म्हणून सिस्टर खिडकीशी गप्पा मारत बसली. गोळी कमी पडली की कसं ओळखायचं ते मला शिकवत होती. नाक गळतं, सारख्या जांभया येतात, अंगावर काटा राहतो, पाय स्वस्थ बसत नाहीत. बारा नंबर पहिल्या आठवड्यात तसाच होता म्हणे. उपयोगी माहिती.

टेलरबाईला सर्दी झाली आहे. डोळ्यांतून सारखं पाणी, जांभया तर बघवत नाहीत. विचारलं तर म्हणाली, जागरण, शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. अशा कामात माणूस तब्येतीची हेळसांड करतो.

१७ एप्रिल, गुरुवार

तिची सर्दी छातीत उतरलेली दिसते. गोळ्या ठेवल्या की दोनेक मिनिटांत खोकल्याची उबळ येते. बिचारी रुमालात तोंड खुपसून खोकते. दहा मिनिटं तशीच काढते, मग तोंड दाखवते. तोंड स्वच्छ. गोळी वाया जात नसेल ना असं वाटून सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, मला काही दिसलं नाही, आणि पुढचा नंबर पुकारायला लागली. सध्या सिस्टरही कामात फार असते.

त्या बाकावरच्या माणसाला स्वतःचा रुमालही नाही. टेलरबाई बाहेर गेली की तिचाच रुमाल घेतो आणि तोंड पुसतो. खोकणाऱ्या बाईचा रुमाल! लोकांना साधी स्वच्छता कळत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

घरून खोकल्याची बाटली नेली. आमच्या थोरलीला लहानपणी हेच लागू पडायचं. खिडकीतून दिली आणि दिवसातून तीन वेळा घ्यायला सांगितलं. टेलरबाईने बाटली हातात धरली, लेबल वाचलं, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. बाटलीभर औषधासाठी एवढं! या लोकांशी कोणी माणसासारखं वागत नसावं. मला बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

दोन महिन्यांचा आढावा. खात्याचे निरीक्षक आले होते. चष्मा कपाळावर, प्रत्येक वाक्याआधी "समजा" म्हणणारे. योजना बंद पाडायला आले आहेत असं सिस्टर म्हणाली होती, मला तसे काही वाटले नाहीत. साठातले अठ्ठावन्न टिकले, सदतीस जण कामावर जातात, हे आकडे मी वाचले. मग त्यांनी विचारलं, तुमच्या काही अडचणी?

मी म्हटलं, अडचण नाही, पण एक विनंती आहे. चौतीस नंबरचा सर्दी-खोकला तीन आठवडे हटत नाही. गोळ्या ठेवल्या की उबळ येते, सगळं रुमालात. छातीचा फोटो काढायला हवा.

 डॉक्टरीणबाई हातातल्या पेनकडे बघत राहिल्या. सिस्टरने डोळे मिटून घेतले. निरीक्षकांनी चष्मा खाली ओढला आणि विचारलं, "कितवा नंबर म्हणालात?"

मी पुन्हा सांगितला. एका फोटोचा खर्च तो काय, आणि त्यात एवढं काय चुकलं, कळत नाही. बैठकीनंतर सिस्टर माझ्याशी न बोलता गेली.

२९ एप्रिल, मंगळवार

निरीक्षक सात वाजता हजर. माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. टेलरबाई आली, तीन गोळ्या ठेवल्या, बाकावर बसली, खोकली. ते उठून बाहेर गेले आणि तिच्यापुढे हात धरला.

तिने रुमाल दिला. आत दोन गोळ्या होत्या, ओल्या, कडा झिजलेल्या.

तिने माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. नियम क्रमांक चार: गोळी बाहेर नेणाऱ्याचं नाव त्याच दिवशी कमी. मीच कमी केलं, नोंदवही माझ्याकडे असते.

तीन आठवडे मला उल्लू बनवलं. मी तिला घरचं औषध दिलं. विकत असणार बाहेर. संताप झाला आहे, जेवलो नाही.

२ मे, शुक्रवार

ती दोघं सकाळपासून सायकलच्या दुकानाबाहेर बसून होती. एवढ्या उकाड्यात त्या माणसाने अंगावर शाल घेतली होती आणि तरी कापत होता. दहा वाजता खिडकी बंद करताना ती आली. नाव कमी झालेल्याला आत येता येत नाही, म्हणून दाराबाहेर उभी राहूनच बोलली.

तो तिचा नवरा. छपरांची कामं करायचा. चार वर्षांपूर्वी खिशात चिमूटभर पूड सापडली, तीन वर्षं आत होता. पूड तिथेही मिळतच होती. सुटून आल्यावर दोघांनी मिळून योजनेचा अर्ज भरला. अर्जात अकरावा रकाना आहे: यापूर्वी शिक्षा झाली आहे काय? त्याने खरं लिहिलं. तिचा मंजूर झाला, त्याचा नाही. म्हणून ती आपल्यातलं त्याला देत होती.

"विकली नाही हो कधी, साहेब. दोघांना पुरत नव्हतीच. पण अर्ध्यावर माणूस अर्धा तरी राहतो."

मी विचारलं, मग तिथे खरं कशाला लिहिलं? माझ्या तोंडून हा प्रश्न निघाला. नियमाने एकतीस वर्षं जगलेल्या माणसाच्या तोंडून. ती म्हणाली, त्याला वाटलं, दवाखान्यात खरं सांगायचं असतं.

५ मे, सोमवार

अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, पूर्ण ऐकून घेतलं. भला माणूस आहे. म्हणाले, नियम मंत्रालयाचा आहे, बदलायचा तर समितीने, समिती जूनमध्ये बसेल. तोवर? तोवर त्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले. मी अर्ज लिहून दिला. त्यावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. चहा मात्र चांगला होता.

मग डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, तुम्ही काहीतरी करा. त्यांनी कपाटातून तीन पत्रं काढून दाखवली, अकराव्या रकान्यावर, फेब्रुवारीपासूनची. एकाचंही उत्तर नाही. शिक्षा झालेले लोकच सगळ्यात आधी मरतात आणि आपण त्यांनाच दारातून परत पाठवतो, असं त्या शांतपणे म्हणाल्या, रोज म्हणावं तसं.

उठताना मी म्हणालो, निदान मला आधी कळलं असतं तर.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिसरी गोळी मी उगीच नाही वाढवली. सिस्टरलाही माहीत होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण वाटलं, तुम्हाला खोटं वागायला लावू नये."

जिन्यात बराच वेळ बसून होतो. म्हणजे सगळ्या खोलीला ठाऊक होतं. डोळ्यांनी बघत होतो तो मी एकटा, आणि बोललो तोही मीच.

१२ मे, सोमवार

हे लिहायला लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे.

पाकीट फोडताना एका गोळीचा तुकडा उडाला. तुटलेली गोळी साक्षीदारासमोर पाण्यात विरघळवून टाकायची असते. सिस्टर वर गेली होती. मी ती गोळी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. दहा वाजता बाहेर पडलो, रस्ता ओलांडला. ती नव्हती, तो एकटाच होता. मला बघून उभा राहिला, बटणं नीट केली, जणू मी कोणी मोठा साहेब. दात वाजत होते त्याचे.

माझा हात खिशात होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मागून नमस्कार घातला, रोज घालतो तसाच. मी त्या माणसाला विचारलं, "कसं काय, बरं आहे ना?"

तो म्हणाला, "बरं आहे, साहेब."

मी परत आलो. सिस्टरला बोलावलं, तिच्यासमोर गोळी पाण्यात टाकली, दोघांच्या सह्या झाल्या. हिशेब बरोबर.

आज चार सिगारेटी झाल्या.

१५ मे, गुरुवार

चौतीस नंबर एका आचाऱ्याला मिळाला. मी पुकारला तेव्हा जीभ अडखळली. आचारी गरीब आहे, गोळी ठेवायच्या आधी हात धुतो.

२० मे, मंगळवार

बाकावर कोणी नाही. कालही नव्हतं. सायकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मीच उठवलं, गिऱ्हाईक बिचकतं. मग म्हणाला, "दवाखाना तुमचा, आणि बसायला माझं दुकान?" 

२६ मे, सोमवार

बारा नंबरने सांगितलं. तोंड दाखवून झाल्यावर खिडकीशी वाकला आणि हळूच म्हणाला, टेलरबाईचा नवरा गेला. शनिवारी सकाळी बसस्थानकाच्या संडासात सापडला, झाडूवाल्याने दार फोडलं. आत बसून होता, खिशात बायकोचा रुमाल.

सिस्टर म्हणाली, तिने कसंबसं करून दोन आठवडे त्याच्या हाताला पूड लागू दिली नव्हती. तेवढ्यात शरीर विसरतं. मग जुन्या मापाने घेतली की संपलं. हे सांगताना ती चादरींच्या जुन्या खणाकडे तोंड करून उभी होती.

मी पुढचा नंबर पुकारला. अजून एकवीस जण बाकी होते.

२७ मे, मंगळवार

हिला सगळं सांगितलं. जेवताना. ही घास हातात धरून ऐकत राहिली. मला वाटलं, म्हणेल, घरात हा विषय नको. ही म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत?" नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणाली आणि मला वाढलं. पण मुद्दाम केलं असतं तर निदान काय केलं ते मला माहीत असतं.

११ जून, बुधवार

समिती सोमवारी बसली. बसस्थानकाची बातमी कुठल्याशा वर्तमानपत्रात आली होती, एका सदस्याने ती वाचून दाखवली म्हणे. अकरावा रकाना रद्द. कमी केलेल्यांनाही पुन्हा अर्ज करता येईल. जागा साठच्या साठच. अधीक्षक खाली येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. म्हणाले, तुमचा अर्जही फाइलला होता बरं का, आपल्या कामाचं यश आहे हे.

चार महिने ज्याचं उत्तर येत नव्हतं ते वीस मिनिटांत झालं. डॉक्टरीणबाईंनी पत्रांच्या प्रती फाडल्या नाहीत, पुन्हा कपाटात ठेवल्या. म्हणाल्या, लागतील, अजून पुष्कळ रकाने आहेत.

१३ जून, शुक्रवार

नवे अर्ज छापून यायला वेळ लागेल. तोवर जुन्यांवर अकरावा रकाना खोडून वापरायचा असा आदेश आला. दुपारभर पट्टी आणि पेन घेऊन बसलो. शंभर अर्जांवर शंभर रेघा मारल्या. एकही वाकडी नाही.

आचाऱ्याला दुसऱ्या गावी काम मिळालं, तो निघून गेला. एक जागा रिकामी झाली. डॉक्टरीणबाईंना विचारून चौतीस नंबर टेलरबाईच्या नावाने धरून ठेवला. अर्ज घेऊन मी स्वतः जाणार आहे.

१४ जून, शनिवार

तिचं दुकान एका जिन्याखाली आहे. एक मशीन, एक दिवा, दोरीवर चिठ्ठ्या टाचलेले कपडे. ती गणवेशाच्या बाह्या लावत होती, एकासारखी एक, निळ्या. मला बघून मशीन थांबवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. ती फार वाळली आहे. डोळ्यांवरून कळलं की आज काहीतरी घेतलेलं आहे. मी तिकडे लक्ष नाही असं दाखवलं. हे मला आता जमतं.

काय बोलावं ते पाठ करून गेलो होतो, ते राहिलं बाजूला. मी अर्ज पुढे केला. ती बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेली. अकराव्यावर थांबली. रेघेवरून बोट इकडून तिकडे नेलं.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

मग मी सांगितलं, निरीक्षकांना खोकल्याचं मीच सांगितलं होतं. माझ्या मनात काही नव्हतं, छातीचा फोटो काढावा एवढंच. तिने गणवेशाची बाही उचलून दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

"माहीत आहे. तिथे एवढे लोक होते साहेब, माझा खोकला खरा वाटला तो तुम्हाला एकट्याला."

असं म्हणून ती माझ्याकडे बघून थोडी हसली. मला तिने बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. तिने सही केली. सोमवारी येते म्हणाली. मी निघताना म्हणाली, कोटाची बाही उसवली आहे, येताना दोरा घेऊन येईन.

१६ जून, सोमवार

आली नाही. कामाची गर्दी असेल, शाळा सुरू व्हायचे दिवस.

१७ जून, मंगळवार

नाही आली.

१८ जून, बुधवार

नाही. दुकानाकडे जाऊन आलो. बंद आहे. दोरीवरचे कपडे तसेच दिसतात काचेतून. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, रविवारपासून दिवा लागला नाही. कुठे गेली, कोणाला माहीत नाही. पोलिसांना विचारावं तर ते आधी विचारतील, ती कोण आणि तुम्ही तिचे कोण.

१९ जून, गुरुवार

नियम क्रमांक सात: लागोपाठ तीन दिवस गैरहजर, तर चौथ्या दिवशी जागा यादीतल्या पुढच्याला. आज चौथा दिवस.

नोंदवही उघडली, टेलरबाईच्या नावापुढे लिहिलं: आजारी, रजा मंजूर. तारीख टाकली. अक्षर नेहमीसारखंच आलं. डॉक्टरीणबाईंनी न वाचता सही केली, म्हणजे वाचून केली. सिस्टर शेजारी उभी होती, तिने शाई वाळेपर्यंत पानावर हात धरला. आता आम्ही तिघं सारखे झालो.

एकतीस वर्षांतली पहिली खोटी नोंद. मला वाटलं होतं, छातीत धडधडेल. काही झालं नाही.

२१ जून, शनिवार

कालही तेच लिहिलं, आजही.

सव्वानऊला एक जण आला. रंगारी आहे, नखांत पांढरा रंग. दोनदा शिक्षा झालेली. अकरावा रकाना रद्द झाल्यावर अर्ज भरणारा तो पहिला, यादीत पुढचं नाव त्याचंच. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की एक जागा रिकामी आहे. अर्जाची प्रत त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, मळू नये म्हणून. नाक गळत होतं. खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते, तरी ते थांबत नव्हते. आता मला हे सगळं दिसतं.

"आहे का हो, साहेब, जागा?"

मी वहीत बघितलं. बघायची गरज नव्हती. साठ नावं, मंजूर जागाही साठच. माझ्या मागे साबणाच्या पाण्याची मोरी वाहत होती, तिचा आवाज येत होता. टेलरबाई कुठे आहे मला माहीत नाही. आहे का, तेही माहीत नाही. आणि हा इथे होता, दीड हातावर.

"नाही," मी म्हणालो. "भरलेली आहे."

तो म्हणाला, "बरं." भांडला नाही. पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि बाकावर जाऊन बसला, बाकीच्यांच्या ओळीत, जणू त्याच्याही जिभेखाली गोळी आहे. दहा मिनिटं झाली, बाकीचे उठले. तो घड्याळाकडे बघत बसून राहिला. दहाला मी खिडकी लावली. आतून कडी घातली तेव्हा तो अजून तिथेच होता.

उद्या बंद. परवा ती आली तर त्याला काय सांगायचं, आणि नाही आली तर वहीत काय लिहायचं, मला सुचत नाही.